पाण्यात राहणारे, पण मासे नव्हेत

मंडळी, आगोट जवळ आली की कर्जत-खोपोलीच्या बाजारात सुक्या मासळीच्या पाट्या लागतात. बोंबील, सुकट, वाकट्या, सोडे अशी पावसाळ्याची बेगमी आपण तेथून करतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. समुद्राशी आपला संबंध काय तो एवढाच, असे आपल्याला वाटते. मग समुद्रातल्या प्राण्यांची चौकशी आपण कशाला करावी? याचे उत्तर पुढे आपोआप मिळेल. आधी आपल्याच जिल्ह्यात घडलेली एक हकिकत ऐका.

२०१५ सालच्या जून महिन्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा वाळूत येऊन रुतला. लांबी सुमारे ४२ फूट, म्हणजे एसटीच्या गाडीपेक्षाही जास्त. निळा देवमासा पुरता वाढला की ८० फुटांच्याही पुढे जातो. तेव्हा हे तसे लहान वयाचेच जनावर. ते जिवंत होते. गावकरी धावले, वनखात्याची माणसे आली, त्याला पाण्यात लोटण्याची खटपट झाली. पण एवढे धूड हलणार कसे? अखेर त्याने तेथेच प्राण सोडला.

तो कशाने मेला? तुम्ही म्हणाल, ‘मासा पाण्याबाहेर आला, गुदमरला.’ येथेच आपली चूक होते. देवमासा हा मासा नव्हेच. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी हवा घेतो. समुद्रात त्याचे ओझे पाणी तोलून धरते. वाळूवर आला की स्वतःच्याच वजनाखाली त्याची छाती दबते, श्वास घेणे जड जाते. शिवाय कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि जनावर आतून तापत जाते.

मासा कोणता आणि सस्तन प्राणी कोणता, हे ओळखायचे कसे? पहिल्या पावसात ओढ्याला वलगणीचे मासे चढतात ते आठवा. मादी अंडी टाकते आणि निघून जाते. पुढे पिल्ले आणि त्यांचे नशीब. देवमाशाचे व डॉल्फिनचे तसे नाही. मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते, त्याला पाण्यातच दूध पाजते, आणि आपल्या म्हशीसारखी त्याला जवळ बाळगते. दुसरी खूण शेपटीची. माशाची शेपटी उभी असते व ती डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची शेपटी आडवी असते व ती वर-खाली हलते.

म्हशीचे नाव उगाच घेतले नाही. देवमाशाच्या पोटात गाईम्हशींसारखेच अनेक कप्पे असतात. त्यांचे पूर्वज जमिनीवर चालणारे, खुरांचे प्राणी होते. त्या पूर्वजांचा एक जवळचा नातलग, मांजराएवढा, काश्मीरच्या खडकांतील हाडांवरून ओळखला गेला. त्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा देवमासा हा बोंबलाचा कोणी नव्हे. आपल्या गोठ्याचाच लांबचा सोयरा आहे.

आता शास्त्रज्ञ या प्राण्यांचा अभ्यास कसा करतात ते पाहू. अडचण अशी की हे जनावर बहुतेक वेळ पाण्याखाली असते. श्वासाला वर येते तेवढीच पाठ दिसते, तीही क्षणभर. म्हणून पहिले काम नजर आणि नोंद यांचे. होडीतून ठरलेल्या वाटेने जायचे, दुर्बिणीने दोन्ही बाजू न्याहाळायच्या, आणि दिसले ते वेळ, जागा, संख्या यांसह वहीत लिहायचे. काही दिसले नाही तर तेही लिहायचे! सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तरुण संशोधकांच्या एका तुकडीने असेच काम केले. २०१५ साली तिला तेथे निळे देवमासेही दिसले.

दुसरी युक्ती ओळख पटवण्याची. शंभर गुरांत गुराखी आपली गाय कशी ओळखतो? तुटक्या कानावरून, शिंगाच्या वळणावरून. तसे संशोधक डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराचे फोटो काढतात. त्यावरच्या खाचा व ओरखडे प्रत्येकाचे निराळे. त्यावरून तोच प्राणी पुढच्या वर्षी पुन्हा आला की नाही, ते कळते.

तिसरी युक्ती कानाची. माथेरानच्या एको पॉइंटवर हाक मारली की ती परत येते. डॉल्फिनही पाण्यात बारीक टकटक आवाज काढतो आणि परत आलेल्या आवाजावरून मासा कोठे, खडक कोठे ते जाणतो. संशोधक पाण्यात मायक्रोफोन सोडून हे आवाज टिपतात. यांत्रिक होड्यांचा गोंगाट वाढला की त्याला हे ऐकणे कठीण होते.

चौथी युक्ती दूरवरची. २०१७ साली ओमानजवळ एका देवमाशाच्या मादीला उपग्रहाशी बोलणारे छोटे यंत्र लावले. तिचे नाव ल्यूबान, म्हणजे आपला लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून थेट भारताच्या किनाऱ्याजवळ आली! पलीकडचे आणि अलीकडचे देवमासे वेगळे नव्हेत, असा निदान एक पुरावा तिने दिला.

आणि मेलेले जनावरही बरेच सांगून जाते. डॉल्फिनच्या दातात झाडाच्या खोडासारखी वलये असतात. ती मोजून वय काढतात. पोट तपासून त्याने काय खाल्ले ते पाहतात.

या कामात कोळी बांधवांचाही वाटा आहे. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन किंवा कासव जाळे कापून सोडले, तर त्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ साली सुरू केली. त्यासाठी फोटो द्यावा लागतो. म्हणजे जीवही वाचला आणि नोंदही झाली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या किनाऱ्यालगत जो कुबड्या डॉल्फिन राहतो, त्याला उथळ पाणी आणि खाड्यांची मुखे आवडतात. त्या खाड्यांत पाणी कोणाचे येते? पाताळगंगा खोपोलीहून निघून धरमतरच्या खाडीकडे जाते. उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणनंतर वसईच्या खाडीला मिळते. आपण फवारलेले औषध, कारखान्याचे सांडपाणी, ओढ्यात टाकलेली पिशवी, सारे त्याच वाटेने जाते. काही विषारी द्रव्ये पाण्यात विरून संपत नाहीत. ती लहान माशांतून डॉल्फिनच्या चरबीत साठतात आणि मादीच्या दुधातून पिल्लाच्या पोटात उतरतात. समुद्र आपल्यापासून लांब असेल, पण आपण समुद्रापासून लांब नाही.

गुरुजनांना दोन गोष्टी सुचवतो. शाळेची सहल अलिबाग-मुरूडला निघाली की मुलांना आधीच सांगावे: किनाऱ्यावर असे जनावर जिवंत दिसले, तर शेपटी किंवा पर धरून ओढू नये, पाठीवर बसून फोटो काढू नये. लगेच ११२ क्रमांकावर कळवून वनखात्याची माणसे बोलवावी. ती येईपर्यंत गर्दी आणि कुत्री लांब ठेवावी, अंगावर ओले कापड घालून पाणी शिंपडत राहावे. मात्र डोक्यावरचे नाकाचे भोक उघडे राहिले पाहिजे; त्यात पाणी किंवा वाळू जाता कामा नये. मेलेल्या जनावराला हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याने या प्राण्यांना सर्वांत वरचे संरक्षण दिलेले आहे.

दुसरी गोष्ट वर्गात करण्याजोगी. मुलांना एक वही द्यावी. आठवड्यातून एकदा नदीच्या त्याच जागी, त्याच वेळी जावे. पाण्याचा रंग, वास, दिसलेले मासे व पक्षी, वाहून आलेला कचरा लिहावा. काही दिसले नाही तर तेही लिहावे. समुद्रावरचा शास्त्रज्ञ याहून फारसे वेगळे करीत नाही. आणि कर्जत-खालापूरच्या मुलांनी वाहते पाणी नीट पाहिले, तर त्याचा लाभ त्यांनी कधी न पाहिलेल्या त्या दूधपित्या पिल्लालाही होईल.