राहत्या घरावरील मिळकतकर व चाळीस टक्क्यांची सवलत

हडपसर व आसपासच्या गांवांतील कास्तकारास सरकारी सारा म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. सातबाराचा उतारा, खातेउतारा, फेरफाराची नोंद हीं सर्व त्याच्या जिभेवर असतात. परंतु शेतावरून परतल्यावर ज्या घरांत तो रात्रीं निजतो, त्या घरावर महानगरपालिका कोणत्या हिशेबानें कर आकारते, असें विचारिलें असतां पुष्कळ जण बिलाचा कागद पुढें करतात आणि गप्प बसतात. बिल आलें म्हणजे भरावयाचें, एवढेंच त्यांस ठाऊक. पुणें शहराच्या हद्दींत मालक स्वतः राहत असलेल्या घरास करांत मोठी सवलत आहे, व ती मागितल्यावांचून पदरांत पडेलच असें नाहीं, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी म्हणून हा लेख लिहीत आहों.

ही सवलत आजकालची नव्हे. पुणें महानगरपालिकेनें १९७० सालीं ठराव करून, मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीच्या भाडेमूल्यांत शेंकडा चाळीस सूट देण्याचें ठरविलें. घर भाड्यानें देणाऱ्यास त्यापासून उत्पन्न होतें. स्वतः राहणाऱ्यास कांहींच होत नाहीं. मग दोघांस एकच माप कां लावावें, हा त्यामागील साधा विचार. याच वेळीं दुरुस्ती व देखभालीप्रीत्यर्थ भाडेमूल्यांतून वजा करावयाची रक्कम कायद्यांत शेंकडा १० असतां महानगरपालिकेनें ती शेंकडा १५ धरिली. जवळजवळ अर्धें शतक ही वहिवाट चालली, आणि पुणेंकरांस ती सवलत आहे याचाही विसर पडला.

पुढें लेखापरीक्षकांनीं आक्षेप काढला. कायद्यांत शेंकडा १० असतां १५ कां, व कायद्यांत नसलेली चाळीस टक्के सूट कोणत्या आधारावर, असे ते प्रश्न होते. प्रकरण राज्य शासनाकडे गेलें व २०१९ सालीं शासनानें १९७० चा ठराव रद्द केला. परिणाम असा झाला कीं, १ एप्रिल २०१९ नंतर ज्या घरांची नव्यानें आकारणी झाली त्यांस पहिल्या दिवसापासून पूर्ण कर लागला. त्याच सुमारास उपग्रहाच्या नकाशांवरून मिळकतींची पाहणी करणारीं माणसें घरोघर फिरलीं. त्यांस जेथें भाडेकरू आढळला, अथवा आढळला असें वाटलें, अशा हजारों घरांची सवलतही गेली. एकाच इमारतींत पहिल्या मजल्यावरील जुना रहिवासी कमी कर भरतो व तिसऱ्या मजल्यावरील नवा रहिवासी तेवढ्याच जागेवर पुष्कळ अधिक भरतो, असा विचित्र प्रकार चार वर्षें चालला. नागरिकांनीं ओरड केली, सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनीं शासनाकडे खेटे घातले, आणि अखेर एप्रिल २०२३ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें चाळीस टक्क्यांची सवलत पुनः लागू केली. देखभालीची वजावट मात्र कायद्याप्रमाणें शेंकडा १० च ठेविली, व मागील वर्षांतील पांच टक्क्यांचा फरक वसूल करूं नये असें ठरलें. आमच्या मतें हा निर्णय न्यायाचा झाला. पन्नास वर्षें दिलेली गोष्ट एका आक्षेपानें काढून घ्यावयाची असेल तर आधीं लोकांस बजावलें पाहिजे होतें.

आतां हिशेब पाहूं. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. एका घराचें महानगरपालिकेनें ठरविलेलें मासिक भाडेमूल्य रुपये ५,००० समजा. वर्षाचे झाले रुपये ६०,०००. सवलत नसेल तर त्यांतून देखभालीचे शेंकडा १० म्हणजे ६,००० वजा जाऊन वार्षिक करयोग्य मूल्य ५४,००० राहिलें. सवलत असेल तर ६०,००० मधून प्रथम चाळीस टक्के, म्हणजे २४,००० गेले. उरलेल्या ३६,००० तून १० टक्के, म्हणजे ३,६०० गेले. करयोग्य मूल्य ३२,४०० राहिलें. जुन्या पंधरा टक्क्यांच्या वजावटीनें तेंच ३०,६०० झालें असतें. कर या करयोग्य मूल्यावर शेंकड्यानें बसतो, म्हणून ५४,००० आणि ३२,४०० यांतील अंतर बिलांतही दिसतें, आणि तें दर वर्षीं दिसतें. पांच वर्षें अर्ज न करणारा मनुष्य दोन वर्षांचा कर फुकट भरतो, असा त्याचा अर्थ होतो.

सवलत कोणास मिळावी याविषयीं आमच्या भागांत बराच गैरसमज आहे. हडपसरची गोष्टच वेगळी. कालव्याच्या पाण्यावर ऊंस व भाजीपाला पिकविणारें हें गांव एका पिढींत शहर झालें. मगरपट्ट्यांत सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली ४०० एकर जमीन बिल्डरास न विकतां एकत्र केली, कंपनी काढली व ज्याची जितकी जमीन तितका त्याचा भाग ठेवून वसाहत उभी केली. शेतकऱ्यानें जमिनीचा मालक राहूनच शहर वसवावें, याचें हें उदाहरण देशांत नांवाजलें गेलें. पण त्यामुळें एकेका घराण्याच्या नांवावर दोन, चार, कधीं त्याहून अधिक सदनिका झाल्या. एकींत स्वतः राहावयाचें आणि बाकीच्या संगणक कंपन्यांतील नोकरदारांस भाड्यानें द्यावयाच्या, ही आज येथील रीत आहे व तींत वावगें कांहीं नाहीं. मात्र सवलत त्या एकीपुरतीच. भाड्यानें दिलेल्या सदनिकेवर ती मागणें हा नुसता लोभ नसून खोटें निवेदन होय; आणि पाहणींत उघडकीस आलें कीं सवलत जाते व मागील फरकही अंगावर येतो.

तीच गोष्ट गांवठाणांतील घरांची. पुढच्या खोलींत किराणा दुकान किंवा चक्की, मागें राहणें, माडीवर धाकटा भाऊ, परड्यांत पत्र्याची शेड टाकून ती वर्कशॉपास दिलेली, अशा घरांत सगळ्या जागेस एक माप लागत नाहीं. ज्या भागांत कुटुंब राहतें त्या भागापुरती सवलत. दुकान व शेड यांची आकारणी बिगरनिवासी. म्हणून आकारणीसाठीं माणूस मापें घ्यावयास येईल त्या दिवशीं घरांतील जाणत्या माणसानें हजर राहावें. घरीं केवळ म्हातारी किंवा गडी असला, आणि त्यानें भलतेंच उत्तर दिलें, तर संपूर्ण वाडा भाड्यानें दिला असल्याची नोंद होऊन बसते. ती एकदां झाली कीं पुसावयास वर्ष लागतें.

याहूनही मोठी अडचण नांवाची. महसूल कचेरींत कारकुनी करितांना आम्ही हा घोटाळा शेंकडों वेळां पाहिला आहे. वडील वारले कीं थोरला मुलगा तलाठ्याकडे जातो, वारसनोंद करवितो, फेरफार मंजूर होतो, सातबारावर तिघां भावांचीं नांवें चढतात, आणि त्यास वाटतें कीं काम संपलें. परंतु तलाठ्याचें दप्तर निराळें व महानगरपालिकेच्या कर आकारणी खात्याचें दप्तर निराळें. एकांतील नोंद दुसऱ्यांत आपोआप जात नाहीं. मग बिल वीस वर्षें दिवंगत वडिलांच्याच नांवानें येत राहतें. बिल भरावयास ही गोष्ट आड येत नाहीं, कारण पैसे कोणाचेही घेतले जातात. पण सवलतीच्या अर्जावर सही मालकानें करावयाची असते, आणि दप्तरांतील मालक तर हयात नाहीं! कायद्यानें खरेदीपत्र, वाटणीपत्र वगैरे लेख झाल्यापासून तीन महिन्यांत, व मालक मृत झाल्यास वारसानें एका वर्षांत, महानगरपालिकेस लेखी कळविलें पाहिजे. ज्यांनीं कळविलें नसेल त्यांनीं आधीं मिळकतकराच्या दप्तरीं नांव लावून घ्यावें. भावाभावांत वाटणी होऊन प्रत्येकाची चूल वेगळी झाली असेल तर वाटणीच्या कागदावरून आकारणीही वेगळी करून मागावी. एकाच बिलाखालीं तीन कुटुंबें राहिलीं कीं एकाची थकबाकी तिघांच्या घरावर बोजा होते, आणि मग कोर्टकचेरी.

अर्जाचा नमुना पीटी-३ या नांवानें ओळखला जातो. ज्यांस पूर्वीपासून सवलत आहे व ती कधीं गेली नाहीं त्यांस अर्ज करण्याचें कारण नाहीं. बिलावर ती दाखविलेली असते, ती पाहून घ्यावी. १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्यांनीं, व पाहणींत सवलत गेलेल्यांनीं, हा अर्ज करावयाचा होता. प्रथम त्यास नोव्हेंबर २०२३ पर्यंत मुदत होती. त्या काळांत मंजूर झालेल्यांचा अधिक भरलेला कर पुढील बिलांतून हप्त्याहप्त्यानें वळता करण्याचें ठरलें. आतां जो नवें घर बांधतो किंवा सदनिका घेतो त्यानें पहिली आकारणी होतांच पीटी-३ द्यावा, बिल हातीं पडण्याची वाट पाहूं नये.

सोबत त्या घरांत स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडावा: सोसायटी असल्यास तिचें पत्र, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना, गॅसकार्ड किंवा शिधापत्रिका. पुण्यांत दुसरी मिळकत असेल तर तिच्या कराच्या बिलाची प्रतही मागतात. ती लपवूं नये. येथें गांवकऱ्यांची एक नेहमींची फसगत होते. शिधापत्रिका जुन्या वाड्याच्या पत्त्यावर, मतदान मळ्याच्या वस्तीवर आणि राहणें नव्या सदनिकेंत. मग एकही कागद घराशीं जुळत नाहीं. पत्ता बदलून घेण्याचें काम अर्जापूर्वीं करावें. अर्ज हडपसर–मुंढवा क्षेत्रीय कार्यालयांत, किंवा आपल्या पेठेच्या कर निरीक्षकाकडे द्यावा, आणि पोंच घेतल्यावांचून पायरी उतरूं नये. पोंच नसलेला अर्ज हा न दिलेल्या अर्जासारखाच आहे. आकारणीच मान्य नसेल तर नोटिशींत दिलेल्या मुदतींत लेखी हरकत घ्यावी, सुनावणीस जावें. तेथेंही समाधान न झाल्यास कायद्याच्या ४०६ व्या कलमाखालीं न्यायालयांत अपील आहे, पण त्यास कर आधीं भरावा लागतो.

साडेसतरा नळी व केशवनगर हीं गांवें २०१७ सालीं, आणि मांजरी बुद्रुक व शेवाळेवाडी हीं ३० जून २०२१ रोजीं महानगरपालिकेंत आलीं. तेथील लोकांस ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची सवय. नवें बिल पाहून पोटांत गोळा येणें स्वाभाविक आहे. अशा गांवांस कर एकदम पूर्ण न लावतां वर्षावर्षानें चढता लावण्याची तरतूद आहे. परंतु चढती आकारणी व राहत्या घराची सवलत या दोन स्वतंत्र गोष्टी होत. पहिली कांहीं वर्षांनीं संपते. दुसरी मालक घरांत राहतो तोंवर टिकते. म्हणून पहिल्या वर्षीं बिल हलकें आलें एवढ्यावर स्वस्थ बसूं नये.

असा विचार केवळ पुण्यानेंच केला असें नाहीं. मुंबईंत २०२२ पासून पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ आहे. तेथें मोजमाप क्षेत्रफळाचें, मालक राहतो कीं नाहीं याचें नव्हे. अमेरिकेंत पुष्कळ राज्यांत मालकाच्या मुख्य राहत्या घराच्या मूल्यांतील कांहीं भाग करांतून वगळतात; टेक्सास राज्यानें शाळांच्या करापुरती ही सूट २०२३ सालीं एक लक्ष डॉलरपर्यंत वाढविली. तेथेंही मालकास अर्ज करावाच लागतो, आणि सूट एकाच घरास मिळते.

राहतां राहिल्या लहान सवलती. आरंभींच्या मुदतींत पूर्ण बिल भरणाऱ्यास सर्वसाधारण करांत शेंकडा ५ किंवा १० सूट मिळते. उलट थकविल्यास दरमहा शेंकडा २ शास्ती चढते. एवढ्या व्याजानें सावकारही आतां कोणी देत नाहीं. शिवाय घरीं सौरशक्तीची योजना, पावसाचें पाणी मुरविण्याची व्यवस्था किंवा गांडूळखताचा प्रकल्प चालविणाऱ्यास सर्वसाधारण करांत एकास शेंकडा ५ व दोहोंस शेंकडा १० अशी सूट आहे. शहरांतील लोक यासाठीं विकतचीं पिंपें आणून ठेवतात, आणि प्रकल्प खरोखर चालू आहे कीं नाहीं हें पाहावयास माणूस येतो तेव्हां त्यांची धांदल उडते. आमच्या वाचकांच्या परड्यांत शेण, पालापाचोळा व उसाचें पाचट यांस तोटा नाहीं. त्यांस फक्त खड्ड्यावर छप्पर घालून अर्ज करावयाचा आहे.