रुग्णाचा शब्द आणि परिचारिकेची नोंद

रुग्णालयातील भाषाव्यवहार म्हटला म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांचे संभाषण एवढेच बहुधा अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः रुग्णाचे बोलणे अष्टौप्रहर ऐकते ती परिचारिका. डॉक्टर फेरीला येऊन जातात. रात्री तीन वाजता ‘सिस्टर, कसेतरीच होते आहे’ हे वाक्य तिच्याच कानी पडते. वाक्य मराठी, पण त्याची नोंद बहुतेक ठिकाणी इंग्रजीत करावयाची. हे अंतर ती कसे ओलांडते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

वेदनेची वर्णने सुसूत्रपणे मोजता यावीत म्हणून रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये मॅक्गिल वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ७८ इंग्रजी विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. मराठीने हे काम मुख्यत्वे विशेषणांवर न सोपविता क्रियापदांवर आणि अनुकरणवाचक शब्दांवर सोपविले आहे. गळू ठणकते, जखम चुरचुरते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, पोटरीत गोळा येतो. कळ येते नि जाते, तिला लाटा असतात. ठणका नाडीच्या ठोक्यासारखा चालू राहतो. मूतखड्याचा रुग्ण आणि पिकलेल्या गळवाचा रुग्ण यांची दुःखे भाषेने अशी आधीच वेगळी करून ठेवली आहेत. तक्त्यावर मात्र दोहोंची ‘पेन’ होते.

याहून बिकट प्रकार ‘जीव घाबरतो’ किंवा ‘घाबरल्यासारखे होते’ या प्रयोगांचा. येथे भीतीचा संबंध असेलच असे नाही. धाप, घाम, छातीतील अस्वस्थता, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही रुग्णाला सांगावयाचे असते. कोशाच्या आधाराने या वाक्याचे ‘अँग्झायटी’ असे भाषांतर झाले, की शारीरिक तक्रार मानसिक ठरते. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हे अधिक आढळते, आणि तेव्हा धाप, घाम व मळमळ हीच काय ती चिन्हे असू शकतात. अशा वेळी त्या एका शब्दावर हृदयालेख तत्काळ काढला जाणे वा न जाणे अवलंबून राहू शकते. ‘मला मळमळते’ हा व्याकरणातील भावकर्तृक क्रियापदाचा परिचित नमुना; त्याला कर्ता नाही, म्हणून ‘नेमके काय होते?’ या प्रश्नाला रुग्णाकडे पुष्कळदा उत्तरच नसते. तो अडाणी आहे असे समजण्याचे कारण नाही.

मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळातून आलेल्या परिचारिका गेली अनेक दशके काम करीत आहेत. त्यांनी मराठी शिकली ती खाटेपाशी. ‘दिवस गेले आहेत’ याचा अर्थ कालगणनेशी नसून गर्भधारणेशी आहे, हे त्यांना कोण सांगणार? परंतु मराठी मातृभाषा असलेली परिचारिकाही सुरक्षित नाही. तिचे व्यावसायिक शिक्षण इंग्रजी ग्रंथांवर झालेले असते, आणि नोंद करताना घरचा शब्द तिला उणा वाटतो.

अनुभवी परिचारिका ही भाषांतरे अचूक करते, पण ते कौशल्य कोणत्याही पदोन्नतीच्या निकषात बसत नाही. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढण आहे. (इंग्लंडात वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेचे पदनाम असलेला ‘सिस्टर’ हा शब्द आपल्याकडे मात्र सरसकट सर्वांना लागतो, कागदावरची चढण रुग्णाच्या तोंडी सपाट होते.) जसजशी ती वर जाते तसतशी तिची लेखणी खाटेपासून दूर, कामाच्या पाळ्या आणि साठ्याची नोंदवही यांकडे वळते. वीस वर्षांत कमावलेले कान मागे कोणाच्या उपयोगी पडत नाहीत, कारण ते कोठे लिहून ठेवलेले नसते. व्यवसायातील ही हानी आमच्या मते वेतनाच्या प्रश्नाइतकीच दखल घेण्याजोगी आहे.

परिचर्येच्या शिक्षणात रुग्णाने सांगितलेले आणि परिचारिकेने पाहिलेले यांची नोंद निराळी ठेवावी, पहिली शक्य तो रुग्णाच्याच शब्दांत असावी, असे शिकविले जाते. या नियमाचा अर्थ मराठी प्रदेशात शब्दशः घ्यावयास हवा: अवतरणचिन्हांत देवनागरीतील मूळ शब्द, त्याच्यापुढे इंग्रजी नोंद. आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे शब्दसंग्रहाचे चांगले क्षेत्र आहे. खानदेश, वऱ्हाड, कोकण यांतील एकेका जिल्हा रुग्णालयातून, निवृत्त परिसेविकांना निवेदक मानून, दुखण्याची क्रियापदे व त्यांचे प्रयोग गोळा करता येतील. मात्र निवेदकांची नावे संग्रहावर असावीत, आणि रुग्णांची कोठेही नसावीत.