खाणीच्या गाळाचा बांध

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मूळ घरे डिचोलीत नाहीतर पेडण्यात. चवथीला गावी गेलो की शिरगाव, मये, मुळगावच्या वाटेवर लाल टेकड्या दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा खाणीतून उपसून टाकलेल्या मातीच्या आहेत. सहसा नजरेस न पडणारा तो खनिज धुतल्यावर उरणारा बारीक गाळ. त्याला टेलिंग्ज म्हणतात आणि तो पाण्यासकट बांध घालून तळ्यात साठवतात.

मी बी.कॉम. झालेला बँकेतला माणूस, इंजिनियर नव्हे. पण लहानपणी शापोरा नदीकाठचे खाजनाचे बांध पाहिलेले असल्यामुळे हा विषय मला परका वाटला नाही. बांध बहुधा वरून पाणी लोटल्याने जातो, नाहीतर आतून पोखरल्याने. कुर्लीचे एक बीळसुद्धा पुरते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तोवर जुनी माणसे धीर धरत. ते गढूळ झाले की बांधाचीच माती वाहू लागली असे समजून रात्री-अपरात्री धावत. गाळाच्या बांधालाही हाच नियम. फक्त इथे मागे नुसते पाणी नसते. पाणी मुरलेला गाळ वरून घट्ट दिसतो आणि आधार सुटला की पेजेसारखा धावत सुटतो.

ब्राझीलमध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच पोर्तुगीजांच्या जुन्या लोहखनिजाच्या मुलखात, ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी असा ८६ मीटर उंचीचा बांध फुटला. २७० माणसे गेली. कामगारांची खानावळ बांधाच्या खालच्याच अंगाला होती. त्या बांधात काही वर्षे नवा गाळ टाकलाही जात नव्हता. तो टप्प्याटप्प्याने आतल्या बाजूला, म्हणजे साठलेल्या गाळावरच पाय देऊन, उंच केलेला होता. आणि तो सुरक्षित असल्याचा दाखला काही महिन्यांपूर्वीच मिळाला होता! ऑडिटरचा दाखला म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे, हे आम्हा बँकवाल्यांना सांगायला नको. ऑडिटरची फी कोण भरतो, हेही बघावे लागते.

उपाय माहीत आहेत. बांध वाढवायचा तर बाहेरच्या बाजूने, पक्क्या जमिनीवर. तळ्यातले पाणी भिंतीपासून दूर ठेवायचे, जादा पाण्याला सांडवा मोकळा ठेवायचा. पायथ्याशी वाळू-खडीचा निचरा आणि दगडांचे वजन द्यायचे. बांधात नळ्या पुरून आतली पाण्याची पातळी मोजत राहायची. सर्वांत उत्तम म्हणजे गाळातले पाणी यंत्राने पिळून काढून तो कोरडाच रचायचा. खर्च अर्थातच जास्त.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, मग सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत काम परत चालू झाले. मधल्या वर्षांत पाऊस थांबला नव्हता. खाण बंद असली तरी बांधाला राखणदार लागतोच, आणि मालक बदलला तर जुन्या बांधाची जबाबदारी नेमकी कोणावर, हे कागदावर असायला हवे.

गावी ज्यांचे भाऊबंद आहेत त्यांनी मे महिन्याच्या आत ग्रामसभेत विचारायला सांगावे : सांडवा शेवटचा केव्हा साफ केला, बांध फुटलाच तर गाळ कोणत्या वाड्यावर येईल, आणि पाण्याच्या पातळीची नोंदवही कुठे आहे. वही मिळाली तर आधी शेवटच्या नोंदीची तारीख बघावी.