अण्वस्त्रांविरुद्ध उभा राहिलेला नौदलप्रमुख

मुंबईत 1933 साली जन्मलेले अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास हे 1990 ते 1993 या काळात भारतीय नौदलाचे प्रमुख होते आणि 1971 च्या युद्धात पूर्वेच्या सागरात ‘ब्यास’ या युद्धनौकेचे नेतृत्व केल्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले होते. म्हणूनच निवृत्तीनंतर अलिबाग तालुक्यात शेती करत त्यांनी अण्वस्त्रांना केलेला विरोध भाबडा म्हणून झटकून टाकता येत नाही.

मे 1998 मध्ये भारताने पोखरण येथे आणि पाकिस्तानने चगाई येथे अणुचाचण्या केल्या, तेव्हा दोन्हीकडे ‘प्रतिरोधन’ या सिद्धांताचा, म्हणजे प्रतिहल्ल्याच्या धाकाने शत्रू पहिला वार करणार नाही या गृहीतकाचा, आधार घेतला गेला. परंतु हा धाक दोन्ही बाजू शांतपणे विचार करतील आणि त्यांना मिळणारी माहिती अचूक असेल, यावरच अवलंबून असतो. सीमा लागून असलेल्या देशांत क्षेपणास्त्र काही मिनिटांतच पोहोचत असल्याने हल्ल्याची खोटी सूचना पारखण्यास अवधीच उरत नाही, ही बाब निर्णायक आहे.

रामदास यांनी भारत-पाकिस्तान जनमंचाद्वारे दोन्ही देशांतील नागरिकांचा संवाद घडवला आणि त्यासाठी पाकिस्तानचे इब्न अब्दुर रहमान यांच्यासह त्यांना 2004 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मार्च 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. अण्वस्त्रबंदीच्या 2017 च्या आंतरराष्ट्रीय करारावर तोवर दोहोंपैकी एकाही देशाने स्वाक्षरी केली नव्हती.