अठ्ठेचाळीस तास कान लावून

ऑक्टोबर सरत आला की एका शनिवारी पहाटे साडेपाचला ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही हौशी रेडिओची जगभर खेळली जाणारी स्पर्धा सुरू होते. आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा जागतिक वेळेच्या घड्याळात मध्यरात्र उलटलेली असते. सोमवारच्या साडेपाचपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस तास, शक्य तितक्या देशांतल्या शक्य तितक्या स्टेशनांशी संपर्क साधायचा. ऑक्टोबरमध्ये बोलून, नोव्हेंबरच्या शेवटी मोर्समध्ये. मध्ये इंटरनेट नाही, उपग्रह नाही. आपली तार, आपला रेडिओ आणि डोक्यावरचे आकाश.

प्रत्येक संपर्क काही सेकंदांचा. समोरच्याचे कॉल साइन, म्हणजे स्टेशनचे ओळखनाव, उचलायचे, सिग्नलचा अहवाल द्यायचा आणि आपल्या विभागाचा क्रमांक सांगायचा. या स्पर्धेसाठी जगाचे चाळीस विभाग केले आहेत. भारताची मुख्य भूमी बाविसाव्या विभागात येते. म्हणून नांदेडहून काय किंवा लातूरहून काय, एकच वाक्य दोन दिवस घुमते : ‘फाइव्ह नाइन, ट्वेंटी-टू’. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला तीन गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला एक, भारतातल्याला शून्य. या बेरजेला प्रत्येक बँडवर, म्हणजे लहरींच्या प्रत्येक पट्ट्यावर, मिळालेल्या देश-विभागांच्या संख्येने गुणायचे. त्यामुळे खरी कसोटी निर्णयाची असते. जपानी स्टेशनांची रांग लागलेली असताना ती सोडून आफ्रिकेतल्या एका क्षीण आवाजामागे जायचे का, आणि कधी?

याचे उत्तर सूर्याकडे असते. जमिनीपासून काहीशे किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा थर लघुलहरी परतवून पृथ्वीकडे पाठवतो आणि तो थर घडवतो सूर्यप्रकाश. स्पर्धा सुरू होते तेव्हा मराठवाड्यात अजून उजाडायचे असते, युरोपात रात्र असते. चाळीस मीटरच्या बँडवर युरोप तेव्हाच गाठायचा, कारण ऊन चढले की आयनांबराचा खालचा थर या लहरी शोषून घेतो. मग वरचे बँड जागे होतात. पंधरा आणि दहा मीटरवर आधी पूर्वेकडचे देश, दुपारनंतर युरोप. अमेरिकेची वाट बिकट. लातूरहून तिकडे जाणारी सर्वांत जवळची रेषा ध्रुवप्रदेशावरून जाते आणि तिथल्या चुंबकीय खळबळीत सिग्नल विरतो. सौरडागांचे चक्र साधारण अकरा वर्षांचे. ते भरात असेल तर दहा मीटरवरही गर्दी उसळते, ओसरले की तो बँड दिवसेंदिवस मुका राहतो.

साहित्य मात्र फार लागत नाही. स्पर्धेच्या ‘लो पॉवर’ गटाची मर्यादा शंभर वॅट आहे, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. वीस मीटरच्या बँडसाठी अर्ध्या लहरीचा डायपोल अँटेना म्हणजे सुमारे दहा मीटर तांब्याची तार, मधोमध केबल जोडलेली. एवढ्यावर नांदेडहून साधारण साडेसात हजार किलोमीटरवरचे लंडन ऐकू येते. अडचण असते ती खरखरीची. शहरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, विजेच्या तारा सगळेच आवाज ओततात. म्हणून सोयाबीनची रास झाल्यावर मोकळे झालेले, गावापासून दूरचे शेत हे उत्तम ठिकाण. वीज नसली तरी अडत नाही. बहुतेक रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात.

हीच गोष्ट लातूरने विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची भूमी हादरली. गणेश विसर्जन आटोपून निजलेली माणसे घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली, सुमारे दहा हजार जीव गेले. त्या दिवसांत हौशी रेडिओवाले भूकंपग्रस्त भागासाठी संदेशवहनाच्या कामाला उभे राहिले. २००१ मध्ये गुजरातच्या भूकंपातही तेच झाले. २००४ च्या डिसेंबरात हौशी रेडिओवाल्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून जगभरच्या स्टेशनांशी संपर्क साधण्यासाठी गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि हौसेसाठी उभारलेले ते स्टेशन त्याच दिवशी मदतकार्याचे स्टेशन झाले.

स्पर्धेचा आणि आपत्तीचा हा संबंध योगायोगाचा नाही. अमेरिकेत १९३३ पासून ‘फील्ड डे’ भरतो, तो माळावर तात्पुरते स्टेशन उभारण्याच्या सरावासाठीच. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’मध्ये सगळ्यांच्या नोंदी संगणकावर ताडून पाहतात. कॉल साइनमधले एक अक्षर चुकले तर तो संपर्क जातोच, वर दुप्पट गुण कापले जातात. झोपेने डोळे जड झालेले असताना, खरखरीतून, तिसऱ्यांदा विचारूनही अक्षर नीट घ्यायचे ही शिस्त इथे अंगी बाणते. मदतीच्या संदेशात गावाचे नाव चुकले तर ट्रक भलत्याच गावी जातो. तिथे कापले जातात ते गुण नसतात.

लातूरमध्ये भौतिकशास्त्राचा कसून अभ्यास करणारी हजारो मुले आहेत, नांदेडमध्ये विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन बाराव्या वर्षापासून परवाना मिळू शकतो. जपानची संस्था भरवते त्या ‘ऑल एशियन’ स्पर्धेत तर अहवालासोबत स्वतःचे वय सांगायचे असते. तिथे लातूरचे चौदा वर्षांचे पोर ‘फोर्टीन’ म्हणाले, तर टोकियोच्या वहीतही तोच आकडा उतरेल. दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी एकेक स्टेशन उभारावे आणि दरवर्षी या स्पर्धांत मुलांना बसवावे. गुण कमी मिळाले तरी चालेल. मोबाइलचे मनोरे आडवे होतील त्या दिवशी संदेश अचूक घेणारी माणसे जिल्ह्यातच हवीत, आणि ती एका दिवसात तयार होत नाहीत.