रील्सपेक्षा बरे 3 फुकट विरंगुळे: डोकं हलकं करा आणि वेळेत थांबा!

अभ्यास करून डोकं जड झालं की अंगठा आपोआप रील्सकडे वळतो. पाच मिनिटं म्हणता म्हणता तास जातो आणि डोकं आणखीच थकतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून यामागची गोष्ट सांगतो. रील्सला शेवटच नसतो. एक सरकवली की पुढची हजर! म्हणून माझा साधा नियम आहे: जो खेळ संपतो, तोच खेळायचा.

1. क्रोमचा डायनासोर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गावाकडे रेंज गेली की हा भेटतोच. गुगलने 2014 मध्ये आणलेला हा खेळ क्रोम ब्राउझरमध्येच भरलेला असतो, त्यामुळे डेटा लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, क्रोममध्ये कोणतीही वेबसाइट उघडा आणि डायनासोरवर टॅप करा. निवडुंगाला धडकला की खेळ खल्लास. तेवढा वेळ नोटिफिकेशनचा त्रासही नाही.

2. वर्डल

पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं. जोश वार्डल या इंजिनिअरने 2021 मध्ये हा खेळ सगळ्यांसाठी खुला केला. दिवसाला एकच शब्द मिळतो, पुढचा थेट उद्या. सोबत इंग्रजीही सुधारतं.

3. लिचेस

बुद्धिबळाची ही वेबसाइट देणग्यांवर चालते. पूर्ण मोफत, एकही जाहिरात नाही. अकाउंट न काढताही कोडी सोडवता येतात. कोडी मात्र संपत नाहीत, म्हणून तीन सोडवायची आणि फोन बाजूला ठेवायचा.

हे मात्र टाळा

"रंग ओळखा, पैसे जिंका" अशा लिंकवर अजिबात क्लिक करू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला आहे. हरलेले पैसे परत मिळवायच्या नादात माणूस आणखी पैसे लावतो. ताण घालवायला गेलेला माणूस कर्ज घेऊन परत येतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं: खेळाने दहा मिनिटं बरं वाटतं, पण मोठा ताण जात नाही. रोज झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. ती मोफत आहे, 24 तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, मित्रालाही पाठवा.