कौटुंबिक हिंसा, स्त्रीकर्तृक

पती वा साथीदारावर स्त्रीने केलेली हिंसा. अमेरिकेत १९७५ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मरी स्ट्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांना पतिपत्नींच्या हिंसक कृत्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. तथापि कृत्यांच्या मोजणीतून हेतू, पूर्वेतिहास व इजेचे गांभीर्य कळत नाही, असा आक्षेप घेण्यात आला. त्यामुळे जीवनवृत्तांच्या अभ्यासाला महत्त्व आले. बालपणी सोसलेला वा पाहिलेला छळ अशा वृत्तांत वारंवार आढळतो. काही स्त्रियांची हिंसा प्रतिकारात्मक असते, तर काहींची संतापातून वा वर्चस्वासाठी घडते.

जीवनवृत्ताचे विधिदृष्ट्या महत्त्व इंग्लंडमधील किरणजीत अहलुवालिया खटल्यावरून स्पष्ट होते. विवाहानंतर पंजाबातून तेथे गेलेल्या या स्त्रीने पतीकडून सु. दहा वर्षे मारहाण सोसली. १९८९ मध्ये तिने झोपलेल्या पतीला पेटविले व त्यात तो मरण पावला. खुनाबद्दल तिला जन्मठेप झाली. चिथावणीच्या बचावासाठी आत्मसंयम अकस्मात सुटलेला असणे तेव्हा आवश्यक होते. वर्षानुवर्षे साचलेली भीती त्यात बसत नव्हती. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने चिथावणीचा मुद्दा फेटाळला. मात्र तिच्या मानसिक अवस्थेविषयीचा नवा पुरावा विचारात घेऊन फेरसुनावणीचा आदेश दिला. तीत सदोष मनुष्यवधाची कबुली स्वीकारली जाऊन, भोगलेली कैद पुरेशी मानून तिची मुक्तता झाली. २००९ च्या अधिनियमाने चिथावणीचा बचाव रद्द केला. त्याऐवजी २०१० पासून लागू झालेल्या बचावात संयम एकाएकी सुटण्याची अट नाही.